नकाशावरचा लोखंडाचा डोंगर

आपल्या घरातली विळी, तवा, खुरपं, शिलाई मशीन, सगळं लोखंडाचं. हे लोखंड ज्या डोंगरांतून निघतं ते डोंगर कुणी शोधले, आणि डोंगर सापडल्यावर तिथल्या माणसांचं, विशेषतः बायकांचं काय झालं, ते आज आम्ही सांगणार आहोत. ही गोष्ट एका सरकारी खात्याची आणि त्यानं काढलेल्या एका नकाशाची आहे. त्या नकाशाचा संबंध आपल्या नागपूरशी आहे.

खात्याचं नाव भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. 1851 साली थॉमस ओल्डहॅम नावाचे आयरिश शास्त्रज्ञ कलकत्त्यात आले आणि या खात्याचं काम सुरू झालं. इंग्रजांना तेव्हा आगगाडी आणि आगबोटी चालवायला कोळसा हवा होता. तो कुठे आहे, किती आहे, हे शोधायला हे खातं काढलं. म्हणजे सुरुवात ज्ञानासाठी झाली तशी सरकारच्या गरजेपोटीही झाली. आज याचं मुख्य कार्यालय कोलकात्यात आहे आणि मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात आहे.

हे लोक काम कसं करतात? हातोडा, होकायंत्र आणि वही घेऊन पायी फिरतात. ओढ्याच्या काठाला, डोंगराच्या कड्याला उघडा पडलेला दगड बघतात, त्याचा तुकडा फोडून पिशवीत टाकतात, खडकाचे थर कुठल्या बाजूला कलले आहेत ते मोजतात. प्रत्येक जातीच्या खडकाला वेगळा रंग देऊन नकाशा रंगवतात. पुढे जिथे आशा वाटते तिथे खोल भोकं पाडून आतला दगड वर काढतात, तपासतात आणि किती माल असेल याचा अंदाज बांधतात. खाण मात्र हे खातं चालवत नाही. आपल्या बचत गटात हिशोब लिहिणारी बाई शिल्लक किती ते सांगते, पैसा कुणाला द्यायचा ते बैठकीत ठरतं. तसंच आहे हे. सर्वेक्षण शिल्लक सांगतं. पुढचं दुसरेच ठरवतात.

आता गोष्टीकडे येऊ. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, हे तुम्हाला माहीत असेल. 1882 मध्ये त्यांच्या हाती एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, लोहारा इथे चांगलं लोखंड आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. टाटांच्या डोक्यात पोलादाचा कारखाना तेव्हापासून घोळत राहिला. पण खाणींचे नियम जाचक होते. ते सैल झाले 1899 मध्ये. त्यानंतर टाटांनी अमेरिकेहून चार्ल्स वेल्ड नावाचे भूवैज्ञानिक बोलावले. त्यांनी चांदा पालथा घातला आणि सांगितलं की इथे एवढ्या मोठ्या कारखान्यापुरता माल नाही.

जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी हे सांगायला नागपूरला सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. त्या संग्रहालयाला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा रंगीत भूवैज्ञानिक नकाशा होता. त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग लोखंडाच्या खुणेनं रंगवलेला होता. दोराबजी आणि वेल्ड तिकडे गेले आणि त्यांना दल्ली-राजहराचे डोंगर सापडले. डोंगर चढताना पायाखाली धातूसारखा आवाज येत होता, असं त्या वेळचं वर्णन आहे.

तो भाग नकाशावर आला कसा? प्रमथनाथ बोस या बंगाली भूवैज्ञानिकांनी सर्वेक्षण खात्यात असताना तो भाग हिंडून पाहिला होता आणि 1887 मध्ये त्याची नोंद छापली होती. म्हणजे जवळजवळ सतरा वर्षं माहिती होती, पण ती उपयोगात कुणी आणली नव्हती. बोस विलायतेत शिकून आलेले, खात्यात वरच्या जागेवर नेमलेले पहिले भारतीय पदवीधर. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांच्यापेक्षा कनिष्ठ असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला प्रमुख केलं. बोसांनी 1903 मध्ये नोकरी सोडली. मग ते ओडिशातल्या मयूरभंज संस्थानात कामाला लागले. तिथे गोरुमहिसानी डोंगरात त्यांना उत्तम लोहखनिज सापडलं. 24 फेब्रुवारी 1904 रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहून ते कळवलं. हा डोंगर बंगालच्या कोळशाला आणि कलकत्त्याच्या बंदराला जवळ होता. म्हणून टाटांनी दल्ली-राजहरा सोडून हा डोंगर धरला. 1907 मध्ये कंपनी निघाली, साकची गावात कारखाना उभा राहिला आणि 1912 मध्ये तिथे पोलाद बनलं. तेच आजचं जमशेदपूर.

मग दल्ली-राजहराचं काय झालं? तो डोंगर जवळपास पन्नास वर्षं तसाच राहिला. स्वातंत्र्यानंतर सोव्हिएत रशियाच्या मदतीनं भिलाईचा पोलाद कारखाना झाला आणि 1959 मध्ये तिथली पहिली भट्टी पेटली. तिला लागणारं खनिज दल्ली-राजहरातून यायला लागलं.

मैत्रिणींनो, इथून पुढे ही गोष्ट आपल्या बायकांची होते. कारखान्यात पक्क्या नोकऱ्या होत्या, पण खाणीतलं हातानं करायचं काम ठेकेदारांकडे होतं. नवरा घणानं दगड फोडायचा, बायको तो डोक्यावर वाहून ट्रकमध्ये भरायची. छत्तीसगडच्या हजारो आदिवासी आणि गरीब बायकांनी हे काम केलं. 1977 मध्ये या मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्याबरोबर स्वतःची युनियन काढली. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा मजूर मेले. त्यात एक बाई होती. तरी युनियन मोडली नाही. मजुरी वाढली. वाढलेली मजुरी दारूत जायला लागली तेव्हा बायकांनी पुढे होऊन दारूबंदीची मोहीम चालवली. युनियनच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्यानं गेल्या. तेव्हा मजुरांनी ठरवलं की आपलाच दवाखाना हवा. स्वतःच्या वर्गणीतून, स्वतःच्या श्रमातून त्यांनी उभारलेलं शहीद हॉस्पिटल 1983 मध्ये सुरू झालं.

खाणीत यंत्रं आणायची ठरलं तेव्हा प्रश्न आला की आधी काम कुणाचं जाणार. बायकांचं. कारण यंत्रावर बसवायला पुरुषच निवडायचे. युनियननं यंत्राला सरसकट नकार दिला नाही. काही काम यंत्रानं करा, काही हातानं राहू द्या, म्हणजे पोलादही मिळेल आणि चूलही पेटेल, असा पर्याय त्यांनी हिशोबासकट मांडला. आज टिकाऊ खाणकाम असा शब्द सगळीकडे ऐकू येतो. आम्हाला वाटतं, त्याचा खरा अर्थ त्या बायकांना तेव्हाच समजला होता. डोंगर संपल्यावर माणूस उघड्यावर पडता कामा नये, हा तो अर्थ.

बायका आणि खाणी यांचा हिशोब कायद्यातही उलटसुलट झाला आहे. जमिनीखालच्या खाणीत बायकांनी उतरू नये, असा नियम इंग्रजांनी 1929 पासून टप्प्याटप्प्यानं आणला. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा 1943 मध्ये तो बाजूला ठेवला, आणि युद्ध संपल्यावर 1946 मध्ये पुन्हा लावला. गरज असली की बोलवायचं, नसली की बंदी. 2019 मध्ये सरकारनं तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी बायकांना जमिनीखालच्या खाणीत जायची मुभा दिली. म्हणजे आपल्या मुली शिकल्या तर तो दरवाजा आता उघडा आहे.

आता आजचं बघू. 2015 मध्ये खाण कायदा बदलला. मोठ्या खनिजांच्या खाणी लिलावानं द्यायच्या ठरल्या. लिलाव करायचा तर खाली काय आहे हे आधी माहीत हवं, म्हणून सर्वेक्षणाच्या अहवालांची किंमत वाढली. माहिती चांगली असेल तर सरकारला भाव चांगला मिळतो आणि उगाच जागोजागी जमीन उकरावी लागत नाही. खाण बंद झाल्यावर ती जागा कशी सावरायची, याचा आराखडाही खाणवाल्यांना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. हे काम बघणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे.

त्याच कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाला सरकारला स्वामित्वधन भरतो, त्याच्या वर आणखी ठरावीक रक्कम या प्रतिष्ठानात भरतो. जुन्या खाणींसाठी ही रक्कम स्वामित्वधनाच्या 30 टक्के आणि लिलावानं दिलेल्या खाणींसाठी 10 टक्के. हा पैसा खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी आहे. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला आणि बालकल्याण यांना त्यात आधी जागा आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत या पैशाच्या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते. तिथे वाळू, मुरूम, दगड अशा गौण खनिजांचा पट्टा देण्याआधीही ग्रामसभेची शिफारस लागते.

म्हणून ज्यांच्या गावाशेजारी खाण आहे किंवा व्हायची आहे, त्या मैत्रिणींना आम्ही तीन कामं सांगतो. एक, गावाच्या भागाचा भूवैज्ञानिक नकाशा मागा. सर्वेक्षणाचे नकाशे आता भूकोश या संकेतस्थळावर बघता येतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सोबत घ्या, ती उघडून देईल. दोन, खनिज प्रतिष्ठानातून आपल्या गावाला काय मंजूर झालं, ते ग्रामसेवकांना आणि तहसील कार्यालयात लेखी विचारा. तीन, ग्रामसभेला पाच-सहा जणी मिळून जा आणि आपलं म्हणणं ठरावात लिहून घ्या.

त्या नकाशातला रंग सतरा वर्षं कुणी पाहिला नव्हता, आणि पाहिला तेव्हा तो कारखानदाराच्या मुलानं पाहिला. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईला तो कुणी दाखवला नाही. आता नकाशा सगळ्यांना खुला आहे. तो आपण बघायला हवा, आणि बघून बोलायला हवं.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.