विशेषणाचा संबंध (इंग्रजी पदबंधातील)

इंग्रजी विशेषणाला लिंग, वचन, विभक्ती यांचा विकार होत नाही. म्हणून दोन नामांपूर्वी आलेले विशेषण नेमके कोणाचे, हे रूपावरून कळत नाही. ‘ओल्ड कॉटन मिल’मध्ये जुने काय, कापूस की गिरणी? हिंगणघाटसारख्या कापसाच्या पेठेत हा प्रश्न अगदीच पुस्तकी नव्हे. मराठीत ‘जुनी कापसाची गिरणी’ आणि ‘जुन्या कापसाची गिरणी’ हा भेद विशेषणाचे रूपच दाखवते. इंग्रजीत शेवटचे नाम मुख्य असते आणि ‘कॉटन मिल’ हा रूढ समास असल्याने ‘ओल्ड’ सहसा गिरणीकडेच जाते. जुना कापूस सांगायचा तर ‘ओल्ड’ व ‘कॉटन’ संयोगचिन्हाने जोडतात. बोलताना ते काम आघात आणि विराम करतात.

मराठीही या घोटाळ्यातून पूर्ण सुटलेली नाही, कारण तत्सम विशेषणे बहुधा अविकारी असतात. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या नावात आंतरराष्ट्रीय काय, हिंदी की विद्यापीठ, हे व्याकरण सांगत नाही. याउलट 1937 च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने मांडलेल्या ‘बेसिक नॅशनल एज्युकेशन’मध्ये विशेषणे दोन असली तरी नाम एकच आहे, तिथे संदिग्धतेला जागा नाही.