मागणीनुसार एक प्रत

डीव्हीडी उलटी करून उजेडात धरली की तिचा जन्म कसा झाला ते कळतं. खालची बाजू स्वच्छ चंदेरी असेल तर ती कारखान्यात साच्यातून निघालेली. जांभळट झाक असेल तर ती कुणीतरी एकेकटी बर्न केलेली. आपल्याकडे जांभळी डिस्क म्हणजे चोरीचा माल, हे समीकरण इतकं घट्ट होतं की माझ्या ट्रंकेतल्या डिस्क पाहून मेसमधल्या एका ज्युनियरने सहज विचारलं होतं, "सर, या पालिका बाजारच्या का?" नव्हत्या. त्या थेट हॉलिवूडच्या एका बड्या स्टुडिओने अधिकृतपणे बर्न केलेल्या होत्या, आणि तसं करण्यामागे एक मोठा इतिहास आहे. आज तो सांगतो.

२३ मार्च २००९ रोजी वॉर्नर ब्रदर्सने 'वॉर्नर आर्काइव्ह कलेक्शन' सुरू केलं. पहिल्याच दिवशी १५० चित्रपट, प्रत्येकी १९.९५ डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण हजार रुपये. दुकानात एकही प्रत ठेवलेली नाही. तुम्ही मागणी नोंदवायची, मग तुमच्यासाठी एक प्रत बर्न होणार, कव्हर छापलं जाणार आणि पाकीट निघणार. माहितीपट नाही, कापलेले प्रसंग नाहीत, बहुतेकांना साधी सबटायटल्सही नाहीत. दर १० मिनिटांनी पुढे उडी मारायची सोय तेवढी असायची. पाठीमागे एक सूचना छापलेली, की ही डिस्क फक्त साध्या प्लेअरवर चालेल अशी अपेक्षा आहे, रेकॉर्डर आणि कॉम्प्युटरवर चालेलच असं नाही.

हे का करावं लागलं? साच्यातली डिस्क बनवायची तर आधी काचेवर मास्टर, त्यावरून निकेलचा ठसा, मग प्लास्टिकवर दाब. ठसा एकदा तयार झाला की प्रत स्वस्त पडते, पण तो करायचा खर्च भरून यायला हजारोंनी प्रती खपाव्या लागतात. न खपलेल्या दुकानदार परत पाठवतो. २००६ साली टॉवर रेकॉर्ड्ससारखी जुन्या चित्रपटांचे कोपरे सांभाळणारी साखळीच बंद पडली. 'कासाब्लांका' कुठेही खपतो. पण ज्याचे चाहते जगभरात मिळून काहीशे आहेत, त्या चित्रपटाचं काय करायचं? वॉर्नरच्या कोठारात तेव्हा सुमारे ६,८०० चित्रपट होते आणि डीव्हीडीवर आले होते जेमतेम १,२००. बाकीचे धड प्रसिद्धही नाहीत आणि हरवलेलेही नाहीत, अशा मधल्या अवस्थेत. फौजेच्या भाषेत सांगायचं तर 'होल्डिंग'वर आहेत, पण 'इश्यू' होत नाहीत. बर्न केलेल्या डिस्कने हिशोबच बदलला. किमान मागणी हजारांवरून एकावर आली.

स्टुडिओ बोलायला लागले. सोनीने आपल्या कोलंबियाच्या चित्रपटांसाठी हीच वाट धरली, एमजीएम आणि युनिव्हर्सल आले, २०१२ मध्ये फॉक्स आलं. वॉर्नरच्या या खटाटोपामागे जॉर्ज फेल्टेन्स्टाइन नावाचा माणूस होता, ज्याला या कोठारातलं काय कुठे आहे हे तोंडपाठ होतं असं त्याच्याबद्दल सांगतात. प्रत्येक डेपोत असा एक जुना सुभेदार असतोच.

पण माझ्या मते खरी गोष्ट डिस्कची नाही, कोठाराची आहे. वॉर्नरने १९५६ साली आपले १९५० पूर्वीचे चित्रपट टीव्हीवर दाखवणाऱ्या एका कंपनीला विकून टाकले होते. ते पुढे युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेले, तिथून १९८१ मध्ये एमजीएमकडे. १९८६ मध्ये टेड टर्नरने एमजीएम घेतलं, काही महिन्यांतच स्टुडिओ परत विकला, पण चित्रपटांचं कोठार मात्र स्वतःकडे ठेवलं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि वॉर्नरचे स्वतःचेच चित्रपट ४० वर्षांनी घरी आले, सोबत एमजीएमचे आणि आरकेओचे घेऊन. पाच वेळा हात बदलले, पण दर वेळी निगेटिव्ह आणि हक्काची कागदपत्रं एकत्र गेली. म्हणून २००९ मध्ये एका गिऱ्हाइकाने एक नाव टाकलं की दुसऱ्या टोकाला कुणीतरी ते काढून देऊ शकत होतं.

अमेरिकन लोक फार जपणारे, असा मात्र गैरसमज नको. त्यांच्या मूकपटांचा हिशोब २०१३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने प्रसिद्ध केला. जवळपास ११,००० कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण उरलेत फक्त १४ टक्के.

माझा संग्रह ८० च्या आसपास थांबला आहे. इंग्रजी चित्रपटांची गोडी खडकवासल्याला लागली. लिबर्टीच्या रविवारी पुण्यात यायचं, पोटभर खायचं आणि 'अलका'ला किंवा 'राहुल'ला लागलेला इंग्रजी चित्रपट पाहून वेळेत परतायचं. जुने कृष्णधवल चित्रपट नंतर आले, एकेका पोस्टिंगबरोबर. २००९ मध्ये मी मेजर होतो. सुरुवातीला वॉर्नर या डिस्क अमेरिकेबाहेर पाठवत नसे. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या पत्त्यावर मागवायच्या आणि तो गणपतीत किंवा लग्नकार्याला आला की त्याच्या बॅगेतून उतरवून घ्यायच्या. एक डिस्क हातात यायला कधी वर्ष लागायचं. वाट पाहणं आम्हाला नवीन नाही.

संग्रहातल्या दोन-तीन नावांवर थोडं थांबतो. विल्यम वेलमनचा 'वेस्टवर्ड द विमेन' (१९५१). वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेला वैमानिक. शंभरावर बायका गाड्यांच्या तांड्यातून कॅलिफोर्नियाला निघतात आणि रॉबर्ट टेलर त्यांना बंदूक चालवायला, जनावरं जुंपायला शिकवतो. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. चाकांचा, खुरांचा आणि वाऱ्याचा आवाज. नवख्या माणसांची तुकडी कशी बनते यावर मी ज्या काही फिल्म्स ट्रेनिंगमध्ये पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींपेक्षा ही सरस आहे. दुसरा, ग्रेटा गार्बोचा मूकपट 'लव्ह' (१९२७), म्हणजे 'ॲना कॅरेनिना'. त्याला दोन शेवट चित्रित केले होते, एक टॉलस्टॉयचा आणि एक अमेरिकन थिएटरवाल्यांच्या सोयीसाठी गोड. आणि १९५६ चा 'भवानी जंक्शन'. मूळ कादंबरीकार जॉन मास्टर्स हा चौथ्या गुरखा रायफल्सचा अधिकारी. गोष्ट १९४७ च्या तोंडावरच्या भारतातली. पण भारत सरकारच्या अटी एमजीएमला पटल्या नाहीत, म्हणून आपलं रेल्वे स्टेशन लाहोरात उभं राहिलं! चित्रपट म्हणून मला तो अर्धाच आवडतो. तरी एव्हा गार्डनर लाहोरच्या फलाटावर भारतीय रेल्वेची गर्दी कापत जाते, ते एकदा पाहावंच.

सध्या रायपूरला आहे आणि समता कॉलनीत (इथल्या पाट्यांवर 'समता कॉलोनी') भाड्याच्या घरात राहतो. रायपूर म्हणजे परकं गाव, असं समजून आलेल्या मराठी माणसाला इथे धक्का बसतो. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होतं, राजधानी नागपूर. नोकरी-वकिलीसाठी आलेली कुटुंबं इथेच रुजली. शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. तीन-चार पिढ्या झालेली घरं आहेत, त्यांच्या मराठीत हिंदीचा आणि छत्तीसगढीचा गोडवा मिसळलेला.

माझे घरमालक अशांपैकीच. वय ८० च्या पुढे. मी त्यांना काका म्हणतो. ते मला "कर्नलसाहेब" म्हणतात, कितीही सांगितलं तरी. एका संध्याकाळी डिस्कचं कपाट पाहून त्यांनी सगळी पद्धत समजून घेतली. मागणी कुठे करायची, पैसे कसे द्यायचे, एकच प्रत मागितली तर रागावत नाहीत ना. मग म्हणाले, "मराठीचं असं कुठे मिळेल?" दुसऱ्या दिवशी चार नावांची यादी आली. तरुणपणी इथल्या बाबूलाल किंवा शारदा टॉकीजमध्ये कधी सकाळच्या खेळाला, कधी नागपूरला मामाकडे गेल्यावर पाहिलेले चित्रपट. पहिलं नाव 'श्यामची आई'. ते सोपं होतं, पाच मिनिटांत मिळालं. दुसरा एका टीव्ही वाहिनीचा शिक्का कोपऱ्यात मिरवत, गाणी कापून, अर्ध्या उजेडात मिळाला. तिसऱ्याचं नाव काकांना निम्मंच आठवत होतं. चौथा मिळाला नाही, आणि मागायचा कुणाकडे हेही कळलं नाही.

इथे दोन देशांतला फरक स्पष्ट दिसतो. आपल्याकडे तंत्र कमी पडलं म्हणावं, तर कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक, मोझर बेअर, नोएडात होती. तिनेच २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून बाजार हलवून सोडला होता. डिस्क आपल्याकडे स्वस्त होती. कमी पडली ती मागची साखळी. मराठी चित्रपट बहुतेक वेळा एकेका माणसाने, कर्ज काढून, एकेका चित्रपटापुरती संस्था काढून केला. निगेटिव्ह मुंबईच्या लॅबमध्ये पडून, लॅबचं बिल थकलेलं. निर्माता गेला, हक्क तीन मुलांत वाटले गेले, त्यातला एक कुठे आहे ते दुसऱ्याला ठाऊक नाही. जुन्या प्रती तर चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या.

जिथे एक हात टिकला तिथे चित्रपट टिकले. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू होऊन पुण्यात आलेली 'प्रभात' पन्नाशीच्या दशकात बंद पडली, पण दामले कुटुंबाने तिचे चित्रपट सांभाळले. म्हणून 'संत तुकाराम' आणि 'अयोध्येचा राजा' आपण आज घरी बसून पाहतो. दुसरा हात सरकारचा. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पी. के. नायर यांनी उरलंसुरलं गोळा करायला देश पालथा घातला. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं हाती लागलं. 'आलम आरा'ची एकही प्रत नाही. आणि जे हाती लागलं होतं त्यातलंही काही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीत गेलं. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याखालीही जळतं. दारूगोळ्याच्या डेपोला जे नियम, तेच याला लागतात. २०२२ मध्ये हे संग्रहालय एनएफडीसीत विलीन झालं आणि त्याच वर्षी २,२०० च्या आसपास चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा झाली. त्यात मराठी किती, हा प्रश्न आपण विचारत राहायला हवा. आणि पुनरुज्जीवनानंतर ते बघायला कसे मिळणार, हाही. महोत्सवातला एक खेळ काकांच्या उपयोगाचा नाही. त्यांना एक प्रत हवी आहे, आणि ते हजार रुपये द्यायला तयार आहेत.

डिस्क म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही सांगून टाकतो. बर्न केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर सेंद्रिय असतो. ऊन आणि उष्णता त्याचे वैरी, आणि रायपूरचा मे महिना या बाबतीत फार उदार आहे. म्हणून वॉर्नरच्या कामाबद्दल सुरुवातीपासून कुरकुर होती, की छापलेली डिस्क टिकेल, ही नाही टिकणार. घडलं उलटंच. २०२५ च्या मार्चमध्ये वॉर्नरने कबूल केलं की २००६ ते २००८ दरम्यान छापलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आतून खराब होत आहेत. जमेल तिथे तीच डिस्क बदलून देऊ, जमणार नाही तिथे त्याच किमतीची दुसरी. म्हणजे चंदेरीही जाते. आता नवे जुने चित्रपट ते ब्लू-रेवर आणतात, २०१२ पासून, आणि त्या छापलेल्याच असतात.

मी दर पोस्टिंगच्या आधी सगळ्या डिस्क एकदा चालवून पाहतो. त्या काळ्या ट्रंकेत उभ्या ठेवतो, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या. ८० पैकी अजून दोनच अडखळतात.

पुढच्या महिन्यात कामानिमित्त पुण्याला जाणं आहे. संग्रहालयाच्या ग्रंथालयात जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका जपलेल्या आहेत. काकांची यादी डायरीत लावून ठेवली आहे. तिसऱ्या चित्रपटाचं निदान पूर्ण नाव तिथे पाहायचं आहे.