‘बॉर्डरवरची शुगर’: एका शब्दाचा प्रवास

“डॉक्टर, मला शुगर नाही. फक्त बॉर्डरवर आहे.” संभाजीनगरमधल्या माझ्या ओपीडीत हे वाक्य मी सतत ऐकतो. एक गृहस्थ असं सात वर्षं म्हणत राहिले. मग पायाची जखम भरेना, तेव्हा रिपोर्ट घेऊन आले. बॉर्डर कधीच मागे पडली होती.

चूक त्यांची एकट्याची नाही. थोडी त्या शब्दाचीही आहे, म्हणून आज त्याचा इतिहास सांगतो.

सुरू होऊ घातलेल्या आजारासाठी आपल्याकडे शब्दांची कमी नव्हती. ताप यायच्या आधी आजी म्हणायची, “अंगात कणकण आहे, आज डोक्यावरून पाणी घेऊ नकोस.” आयुर्वेदात याला ‘पूर्वरूप’ म्हणतात, म्हणजे आजार पूर्ण प्रकट होण्याआधीची चिन्हं. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपं दिली आहेत: तोंडाला गोड चव, तहान, आळस, हातापायांत बधिरपणा आणि आग, लघवीला मुंग्या लागणं. आज अशी लक्षणं दिसली तर आम्ही थेट मधुमेहाचीच तपासणी करतो. पण मुद्दा लक्षात घ्या: ‘पूर्वरूप’ या शब्दातच ‘पुढे रूप येणार आहे’ हा इशारा आहे.

रक्ततपासणी आली तशी या अवस्थेला नवी नावं मिळाली: सुप्त मधुमेह, केमिकल डायबेटिस, बॉर्डरलाइन डायबेटिस. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने ही नावं बाजूला सारली आणि ‘इम्पेअर्ड ग्लुकोज टॉलरन्स’ म्हणजे साखर पचवण्याची क्षमता घटलेली, असं नाव दिलं. उगाच ‘मधुमेही’ असा शिक्का बसला तर माणसाला नोकरीत, विम्यात त्रास होतो, हाही विचार त्यामागे होता. नाव अचूक होतं, पण सामान्य माणसाला कळेना. म्हणून २००२ मध्ये तिथे ‘प्रीडायबेटिस’ या सोप्या शब्दाचा प्रचार सुरू झाला. आपल्याकडे मात्र जुना ‘बॉर्डर’च तोंडात राहिला. बॉर्डर म्हटलं की वाटतं, आपण अजून अलीकडे आहोत, सुरक्षित आहोत.

प्रत्यक्षात सुरुवात त्याहूनही आधी होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं वजनाने कमी, सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास. पण स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. म्हणून “मी तर बारीक आहे” या भरवशावर राहू नका.

आता चांगली बातमी. या अवस्थेत काही करता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला; आहार-व्यायामाचा नीट पाठपुरावा केलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होतं.

तेव्हा तुमचा रिपोर्ट काढून बघा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल, तर बहुधा काहीही त्रास होत नसेल. तरीही रोज अर्धा तास भरभर चाला, ताटातला भात-साखर कमी करून डाळी-भाज्या वाढवा आणि दरवर्षी तपासणी करा.

आणि पुढच्या वेळी ‘बॉर्डर’ म्हणू नका. “शुगरची कणकण आहे” म्हणा. कणकण आली की आपण काळजी घेतोच ना?