विद्यापीठ ग्रंथपाल

विद्यापीठीय ग्रंथालयाचा प्रमुख. भारतात सहायक ग्रंथपाल, उपग्रंथपाल, ग्रंथपाल अशी या पेशातील बढतीची वाट असते. पदाला खरी प्रतिष्ठा दिली ती शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. गणिताचे हे अध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला ग्रंथालयशास्त्र शिकून आले आणि १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. ग्रंथखरेदी, वर्गीकरण, तालिकीकरण, देवघेव ही कामे आजही चालतातच. त्यांत ई-नियतकालिकांची वर्गणी, प्रबंधांची वाङ्मयचौर्य-तपासणी आणि ते ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर ठेवणे यांची भर पडली आहे. मात्र संशोधकाला नेमका संदर्भ मिळवून देण्याइतके मोलाचे यांपैकी एकही काम नाही. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्ट हा राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.