निशादर्शक यंत्रांच्या दोन जाती

जुन्या युद्धसाहित्याच्या संग्रहांत निशादर्शक यंत्रें सरसकट एकाच नांवाखालीं मांडलेलीं आढळतात. आमच्या मतें हें वर्गीकरण सदोष आहे. यांत दोन भिन्न जाती आहेत.

पहिलीस स्वतःचा दिवा लागतो. इ. स. १९४५ मध्यें जर्मन सैन्यानें बंदुकीवर चढविलेलें ‘व्हँपिर’ हें त्या जातीचें. दुर्बिणीच्या माथ्यावर अवरक्त किरणांचा दिवा, आंत त्या अदृश्य किरणांचें दृश्य प्रतिमेंत रूपांतर करणारी नळी, आणि शिपायाच्या पाठीवर सुमारें १३.५ किलोग्रॅमची विद्युत्पेटी, असा हा संभार. (‘अवरक्त’, म्हणजे तांबड्याच्या खालचा, संज्ञा अन्वर्थक आहे.) त्याच वर्षीं अमेरिकनांनीं ओकिनावा बेटावर असेंच साधन वापरलें. वैगुण्य एकच, पण जीवघेणें : शत्रूजवळ तसलेंच यंत्र असल्यास हा दिवा त्यास मशालीसारखा दिसे.

दुसरी जात दिव्यावांचून चालते. तारकांचा क्षीण प्रकाशच ती हजारों पटींनीं वाढविते. ती व्हिएतनामच्या युद्धांत, १९६० नंतरच्या दशकांत, प्रचारांत आली; डोळ्यांवर बांधावयाचे सैनिकी चष्मे त्यानंतरचे.

दिवा व पेटी गमावलेली जुनी दुर्बीण या दुसऱ्या जातींत सहज खपून जाते. तेव्हां तिच्या माथ्यावर दिव्याची बैठक आहे कीं नाहीं, हें संग्राहकांनीं आधीं पाहावें.