शक्तिमानमधला 'मान'

मागच्या भागात आपण दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लॉऱ्यांविषयी बोललो. तो ऐकून एका तरुण मित्राने विचारलं, "सर, युरोपातले जुने ट्रक बघायचे तर जर्मनीलाच जावं लागेल का?" मी म्हटलं, बाबा रे, मी राइट टाउनमध्ये राहतो. माझ्या घरापासून रांझीकडे रिक्षाने गेलास तर जिथे एक जर्मन ट्रक जवळजवळ तीस वर्षं बनत होता, त्या कारखान्याच्या फाटकाशीच उतरशील.

आजचा विषय तोच. शक्तिमान.

हे नाव आपण सगळे हिंदी शब्द म्हणून उच्चारतो, आणि तो आहेही. पण शेवटची दोन अक्षरं वेगळी काढून बघा. मान. एम ए एन, म्हणजे माशीननफाब्रिक आउग्सबुर्ग न्यूर्नबर्ग. ही साधी कंपनी नाही. रुडॉल्फ डिझेलने आपलं इंजिन तयार केलं ते आउग्सबुर्गच्या कारखान्यात, 1893 ते 1897 या चार वर्षांत. आज आपण पंपावर जाऊन ज्याचं नाव घेतो तो डिझेल हा माणूस होता, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं. 1898मध्ये आउग्सबुर्ग आणि न्यूर्नबर्गचे कारखाने एकत्र आले. 1915मध्ये स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीबरोबर ट्रक बनवायला सुरुवात झाली, आणि 1924मध्ये थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं डिझेल इंजिन ट्रकवर चढलं. म्हणजे ट्रक बनवायची विद्या या कंपनीनेही आधी दुसऱ्याकडूनच घेतली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्याकडे या. स्वातंत्र्यानंतर फौजेकडे लॉऱ्या होत्या त्या बहुतेक युद्धातल्या उरलेल्या. फोर्ड, शेवरले, डॉज, बेडफर्ड. प्रत्येकीचे नट वेगळे, फिल्टर वेगळे, आणि सुटे भाग मिळायची मारामार. दुसरीकडे जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी, 1904ची, तोफांचे गाडे बनवणारी. शांततेच्या काळात अशा कारखान्यांची यंत्रं पुरेशी वापरली जात नव्हती. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. त्यांनी ही यंत्रं कामाला लावायचं ठरवलं. आयुध कारखाने कॉफीची भांडी बनवतात म्हणून विरोधक त्यांना टोमणे मारत, तो हाच काळ. पण भांड्यांच्या गोष्टीत ट्रकची गोष्ट झाकली जाते. मानशी करार झाला आणि 1959मध्ये पहिले शक्तिमान जबलपुरात तयार झाले. मूळ मॉडेल 415 एल1 एआर. यातलं एआर म्हणजे आलराड, चारही चाकांना ताकद. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, पुढे लांब नाक, आणि उंच उभी बॉडी. पुढे 1969मध्ये खास गाड्यांसाठी व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमान तिकडे गेला. निसान वन टन आणि जोंगा या जपानी वंशाच्या गाड्याही तिथल्याच. जोंगा या नावाच्या आद्याक्षरांत तर जबलपूरच आहे.

पण निसान पेट्रोलवर, शक्तिमान डिझेलवर. एकाच ताफ्यात दोन्ही असल्या की जेरीकॅनसुद्धा दोन प्रकारचे न्यावे लागत. अंधारात कोणी चुकीचा कॅन उघडला की सकाळी कोणाची कशी खरडपट्टी निघायची, ते आज सांगत नाही.

थंडीतली एक आठवण मात्र सांगतो. लडाखमध्ये पहाटे इंजिन काही केल्या उठत नाही. तेल घट्ट झालेलं असतं. आमचा ड्रायव्हर ब्लो-लॅम्प पेटवून चेंबरखाली आडवा व्हायचा, ज्योत फिरवत राहायचा, आणि गाडीशी बोलायचा. म्हशीशी बोलावं तसं. वीस-पंचवीस मिनिटांनी पांढऱ्या धुराचा एक लोट येई आणि मग ती जी धडधडे, ती संध्याकाळपर्यंत. मी त्याला एकदा विचारलं, नवी गाडी मिळाली तर घेशील का? म्हणाला, "साहब, इसका सब कुछ हाथ से खुल जाता है." माझ्या मते शक्तिमानविषयी इतकं नेमकं दुसरं कोणी बोललेलं नाही.

आता जरा कडू बोलतो. कारखान्यातून निवृत्त झालेले माझे शेजारी हे ऐकून रागावतील, पण इतिहास सांगायला बसलो आहे.

1954मध्ये टेल्कोनेही जमशेदपुरात असाच करार केला होता, डाइमलर-बेंझशी. 1969मध्ये तो संपला, बॉनेटवरचा तारा गेला, आणि पुढे टेल्कोने स्वतःचं डिझाइन करायला सुरुवात केली. गिऱ्हाईक बाजारात होतं, शेजारी अशोक लेलँड होता, बदलणं भाग होतं. शक्तिमानचं गिऱ्हाईक एकच, फौज. म्युनिकमध्ये मानने 415 कधीच मागे टाकला, नवीन पिढ्या आल्या. जबलपुरात तोच नकाशा, तेच नाक, थेट नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत. मग लेलँडचा स्टॅलियन आला आणि तोही याच कारखान्यात जोडला जाऊ लागला. शक्तिमान शेवटच्या वर्षांत फाटकाबाहेर कोरा येत होता तेव्हाच तो जुना होता.

शेजारी म्हणतात, फौजेनेच मागितला नाही तर आम्ही बदलणार कोणासाठी? आणि पासष्टच्या, एकाहत्तरच्या लढायांत सामान कोणी पोचवलं? त्यांचं दोन्ही खरं आहे. माझंही खरं आहे. साउररकडून शिकलेल्या मानने नऊ वर्षांत स्वतःचं डिझेल ट्रकवर चढवलं. आपण पस्तीसेक वर्षं उत्तम प्रत काढली. सुटे भाग इथेच बनवले, डोंगरात चालवले, कमी नाही. पण प्रत ती प्रतच.

जुन्या ट्रकच्या शौकिनाला याचा एक फायदा झाला. पन्नाशीतल्या जर्मन ट्रकची जवळजवळ मूळ बांधणी, जी युरोपात तेव्हाच दुर्मिळ झाली होती, ती आपल्याकडे नव्वदीतही ताजी मिळत होती. पण मिळाली आणि गेली. फौजेतून बाद झालेली गाडी लिलावात जाते. जोंगा छोटी, म्हणून शौकिनांनी घेतल्या, रंगवल्या. शक्तिमान ठेवायला अंगण कोणाचं आहे? तो लाकूड ओढायला गेला, विहिरीच्या बोअरिंगला गेला, इंजिन काढून दुसरं बसवलं, आणि शेवटी भंगारात.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाला कुठे एखादा दिसला, तर आधी फोटो रंगाचा काढू नका. दार उघडा, आतली पत्र्याची पाटी शोधा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही वहीत उतरवून घ्या. इंजिन मूळचं आहे की नंतरचं, ते मालकाला विचारा. मूळचं निघालं तर मला कळवा, मी येतो. सोबत माझे तेच रागावलेले शेजारी असतील. त्यांनी आयुष्यभर ही इंजिनं जोडली आहेत, नंबर बघायला त्यांना चष्माही लागत नाही, हातानेच चाचपून सांगतात.