शब्दाचा शोध आणि माणसाचा शोध

घरीं चार स्नेही जमले, जेवणें आटोपलीं आणि उठून जाण्याची घाई कोणालाच नसली, म्हणजे बोलतां बोलतां एखादा खेळ निघतो. त्याला पट नको, सोंगट्या नकोत. माणसें आणि त्यांचे शब्द एवढें साहित्य पुरतें. अशा घरगुती खेळांना इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु गेल्या दोनशे वर्षांत त्यांच्यांत जो पालट झाला तो ध्यानांत घेण्यासारखा आहे. आरंभीं या खेळांत लपविलेला शब्द शोधीत. पुढें लपलेला माणूस शोधूं लागले.

शब्द लपविण्याची हौस मात्र फार प्राचीन. वात्स्यायनानें कामसूत्रांत ज्या चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत प्रहेलिका, म्हणजे कोडीं घालणें व सोडविणें, हिची गणना आहे. याच हौसेला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रजी दिवाणखान्यांत ‘वीस प्रश्न’ या खेळाचें रूप मिळालें. एकानें मनांत एक वस्तु धरावयाची आणि दुसऱ्यानें वीस प्रश्नांच्या आंत ती ओळखावयाची. १८१७ ते १८२५ या काळांत अमेरिकेचे वकील म्हणून लंडनमध्यें राहिलेले रिचर्ड रश यांनीं आपल्या आठवणींत अशा एका मेजवानीची हकीकत नमूद केली आहे. प्रश्न विचारणारे होते प्रसिद्ध मुत्सद्दी जॉर्ज कॅनिंग. त्यांनीं एकेक प्रश्न टाकीत शोधाचें क्षेत्र आंखूड करीत आणलें आणि अखेर ओळखलें कीं, ती वस्तु म्हणजे ‘लॉर्ड हाय स्टुअर्ड’ या दरबारी अधिकाऱ्याच्या हातांतील दंड होय!

यांत जादू कांहीं नाहीं. ‘हो’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच उत्तर मिळालें, तरी प्रत्येक प्रश्नानें उरलेल्या वस्तूंचे दोन समान भाग पाडले तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ वस्तूंमधून नेमकी एक निवडतां येते. खेळाचा सारा पाया एकाच गोष्टीवर उभा आहे: उत्तर देणारा खरें बोलतो.

चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘ख्रिसमस कॅरोल’ या कथेंत हाच खेळ ‘हो आणि नाहीं’ या रूपानें आला आहे. कृपण स्क्रूज आपल्या भाच्याच्या घरची मेजवानी अदृश्य राहून पाहत असतो. भाच्यानें मनांत धरलेला, लंडनमध्यें राहणारा, गुरगुरणारा तो प्राणी कोणता, हें पाहुणे विचारीत जातात. आणि उत्तर निघतें, खुद्द स्क्रूज! शब्दाच्या आड माणूस उभा असल्याचें येथें प्रथम जाणवतें. तथापि हंसणाऱ्यांच्या मनांत कपट नाहीं.

विसाव्या शतकांत हा खेळ आकाशवाणीवर आला. १९४६ सालीं अमेरिकेंत आणि १९४७ सालीं ब्रिटिश नभोवाणीवर ‘वीस प्रश्न’ सुरू झाले. ब्रिटिश कार्यक्रमांत एक गूढ आवाज घरीं बसलेल्या श्रोत्यांना उत्तर आधींच सांगून ठेवी. प्रश्न विचारणाऱ्या मंडळींना तें ऐकूं जात नसे. आपणांस ठाऊक आहे आणि दुसरा चांचपडतो आहे, हें पाहण्यांत केवढी गोडी असते तें तेव्हां घरोघर अनुभवास आलें. ही गोडी निष्पाप होती. पण पुढील खेळाचें बीज तिच्यांतच होतें.

तें बीज मॉस्कोंत रुजलें. १९८६-८७ च्या सुमारास तेथील विश्वविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागांत दिमित्री दाविदॉव या तरुणानें ‘माफिया’ नांवाचा खेळ रचला. त्यांत मूठभर माणसें गुप्तपणें गुन्हेगार ठरविलीं जातात आणि तीं एकमेकांस ओळखतात. बाकीचे नगरजन, त्यांना कोण कोणाचा तें ठाऊक नसतें. रात्र झाली म्हणजे सर्वांनीं डोळे मिटावयाचे. गुन्हेगार मात्र डोळे उघडून खुणेनें एकाला बाद करितात. दिवस उजाडला कीं सर्वांनीं वाद घालावयाचा आणि बहुमतानें एका संशयिताला बाहेर काढावयाचें. जाणत्या अल्पसंख्येची अजाण बहुसंख्येशीं झुंज, हेंच या खेळाचें मर्म होय. १९९७ सालीं अमेरिकेंतील अँड्र्यू प्लॉटकिन यांनीं गुन्हेगारांच्या जागीं रात्रीं लांडगे होणारीं माणसें घातलीं, आणि त्या रूपानेंही खेळ सर्वत्र पसरला.

महाराष्ट्रांतील मुलांना यांतील थोडा भाग परिचयाचा आहे. राजा, मंत्री, चोर, शिपाई अशा चार चिठ्ठ्या उधळून ज्याच्या वाट्याला शोधाचें काम येई, तो इतरांचे चेहरे निरखून चोर कोण तें सांगे. परंतु तेथें न्याय करणारा एकच असे आणि चुकला तर गुण तेवढे जात. ‘माफिया’मध्यें सारी सभाच न्यायाधीश होते, आणि त्या न्यायसभेंत चोरही मत देतो.

अशी सभा किती सहज फसते! पहिल्या दिवशीं पुरावा जवळजवळ नसतोच. तरी कोणाला तरी काढावेंच लागतें. मग जो फार बोलला तो संशयित, जो गप्प बसला तोही संशयित. लाजाळू माणूस अडखळतो आणि निर्दोष असून बाद होतो. निर्ढावलेला हंसत हंसत दुसऱ्याकडे बोट दाखवितो. २००८ सालीं गणितज्ञांनीं या खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शोध घेणारी विशेष भूमिका कोणाला दिली नाहीं, तर समतोल राखण्यास गुप्त मंडळी एकूण संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत पुरतात, असें त्यांत दिसून आलें. म्हणजे सभा चौपट मोठी झाली, तरी फसविणारे केवळ दुपटीनें वाढले कीं पुरे.

अखेरीस दोन्ही प्रवाह एकत्र आले. २०१४ सालीं रशियांतील आलेक्सांद्र उशान यांच्या ‘स्पायफॉल’ या खेळांत एका स्थळाचें नांव सर्वांस कळतें, एका हेराला तेवढें कळत नाहीं. एकमेकांस प्रश्न विचारून त्याला हुडकावयाचें असतें. २०१७ सालच्या टेड ॲल्स्पॅक यांच्या ‘वेअरवर्ड्स’मध्यें तर जुने हो-नाहींचे प्रश्नच परत आले, मात्र मंडळींत बसलेल्या लांडग्याला शब्द आधींच ठाऊक असतो आणि तो इतरांना आडवाटेला नेतो. कॅनिंगच्या मेजवानींत प्रश्नांनीं वस्तु सांपडत असे. आतां प्रत्येक प्रश्नाबरोबर विचारणाऱ्याचीही पारख होते.

स्नेह्यांच्या मंडळींत असा खेळ मांडणाऱ्यानें एक नियम कधीं मोडूं देऊं नये. डाव संपतांच सर्व चिठ्ठ्या उलगडल्या जातात. ज्याला बहुमतानें अपराधी ठरविलें तो निर्दोष होता हें सर्वांसमक्ष उघड होतें, आणि त्याला दोष देणारेच त्याच्या हातीं चहाचा पेला देतात. जगाच्या व्यवहारांत बहुमत असेंच चुकतें. पण तेथें चिठ्ठी उलगडून दाखविणारा कोणी नसतो. म्हणून घरच्या बैठकींत एकदां चुकीचें बोट दाखविल्यावर जी खजिली वाटते, ती विसरूं न देणें हाच या खेळाचा खरा लाभ होय.